दोन सुतांची माया

काव्याचा अंगठा एका जोडावर थांबला. झालं ते एवढंच. शनिवारची दुपार होती, टेबलावर बाळाची अर्धवट गोधडी पसरलेली होती आणि माझी मुलगी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, खुर्चीत तिरकी बसून शिवणींवरून अंगठा फिरवत होती. लहानपणी वाचताना ती ओळीखालून बोट असंच फिरवायची. चार चौकोनांचे कोपरे जिथे एका बिंदूत मिळतात तिथे बोट अडखळतं, कारण एखादा कोपरा दोराभर तरी सरकलेला असतोच. इथे अडखळलं नाही, म्हणून ती थांबली. "सो क्लीन," ती म्हणाली, "आभा मावशीचं ना हे?"

तो जोड मी शिवला होता. चारांतले दोन चौकोन आभाचे, दोन माझे, आणि त्यांना जोडणारी टीप माझ्या मशीनची. "दोघींचं आहे," मी म्हटलं. लॅबमध्ये कुणी असं मोघम उत्तर दिलं असतं तर मी अहवाल परत पाठवला असता. काव्यानं मान हलवली. अंगठा तिथेच गोल गोल फिरवत ती म्हणाली, "बाय द वे, बाळाला सांभाळायचं मी मावशीला विचारलंय. माझी सिक्स्टी डेजची लीव्ह संपली की. शी सेड, विचार करून सांगते."

"मला नाही विचारलंस."

"आई, यू हॅव युअर लॅब." हे तिनं फार सांभाळून म्हटलं, तुला दमा आहे असं म्हणावं तसं. मग तिच्या नवऱ्याचा खालून फोन आला, पार्किंगची वेळ संपत होती, "यल्ला, बाय आई" म्हणत तिनं माझ्या गालाला गाल लावला आणि ती दुबई मरीनाला तिच्या घरी गेली. खुर्ची तिरकीच राहिली. मी ती सरळ केली नाही. जिभेच्या मुळाशी एक चव आली होती, तांब्याच्या तारेला जीभ लावल्यावर येते तशी. ही चव मी ओळखते. अठ्ठावीस वर्षांत ती किती वेळा आली हे सांगता येणार नाही, पण दर वेळी त्याच जागी येते.

तीन आठवड्यांपूर्वी मी राजीनाम्याचं पत्र लिहून मेलच्या मसुद्यांत ठेवलं होतं. चार ओळींचं. उपेंद्रलाही सांगितलं नव्हतं. काव्या विचारेल, मग मी म्हणेन, मी नोकरी सोडतेय, बाळ माझ्याकडे राहील, आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी बघेन, असं ठरवलं होतं. कुणीतरी विचारावं म्हणून वाट पाहणं ही माझी पद्धत. आभाला वाट पाहावी लागत नाही, तिला लोक विचारतात. समोरच्या दारात ती राहते, बर दुबई भागातल्या या इमारतीत आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. तिचा वेदांग तेव्हा दोन वर्षांचा होता. आता तो जर्मनीत आहे. काव्या पंचेचाळीस दिवसांची झाली आणि मी कामावर परत गेले, तेव्हापासून ती शाळेतून एकटी यायला लागेपर्यंत दिवसाचे नऊ तास आभाकडे असायची. आभानं कधी उपकार केल्यासारखं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गोधडी ही आभाची कल्पना, पण क्विल्ट हा शब्द काव्याचा आणि नमुनाही तिनंच इंटरनेटवरून पाठवलेला. चार आडवे, पाच उभे, असे वीस चौकोन, दहा माझे, दहा आभाचे. प्रत्येक चौकोनात नऊ तुकडे. कापड आम्ही दोघींनी मीना बाजारातून आणलं, माझं निळं आणि पांढरं, तिचं हळदी आणि पांढरं. चौकोन एकाआड एक लावायचे. असं काम दिसायला सोपं असतं. एका चौकोनाची शिवण दुसऱ्याच्या शिवणीला बरोबर भिडायला हवी, नाहीतर उभी रेघ मध्येच तुटल्यासारखी दिसते. त्यासाठी एकीची शिवण इस्त्रीनं डावीकडे वळवायची, दुसरीची उजवीकडे. मग जोडताना दोन्ही उंचवटे समोरासमोर येऊन एकमेकांना टेकतात, बोटांना ते कळतं, आणि तिथे टाचणी लावायची. पण हे सगळं केव्हा, तर दोन्ही चौकोन एकाच मापाचे असतील तेव्हा. मी दिवसभर रबरी सील आणि गॅस्केट मोजणारी बाई. डीआयपी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातून माझ्या सहीशिवाय एकही पेटी बाहेर जात नाही. माप म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. शिवणीच्या बाहेर दोन सुतांची माया सोडायची, म्हणजे पाव इंच, म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर. मी मशीनच्या पट्टीवर वर्नियर कॅलिपरनं मोजून खूण करून घेतली होती. आभा अंगठ्याच्या नखानं खूण करते. किती सोडलीस विचारलं तर म्हणते, "दोन सूत, त्यात एक दोरा कमी. अंदाजे ग."

माया. शिवणीबाहेर जे कापड राखून ठेवतात त्याला हा शब्द कुणी दिला कोण जाणे. काव्या दुसरीत असताना आम्ही दोघींनी तिचे फ्रॉक शिवले होते. आभा मला विचारत होती, "वीणा, माया किती ठेवलीस?" आणि मी सांगितलं, "पाव इंच, पुरे झाली." आभा म्हणाली, "मी एक इंच सोडलीये बाई, पोर वाढेल, उसवून मोठा करता येईल." काव्या तिथेच जमिनीवर चित्र काढत होती. पुढच्या महिन्यात शाळेत 'माय मदर' या विषयावर निबंध लिहायचा होता. आमच्या मुलांचं मराठी कानांतून येतं आणि इंग्रजीतून बाहेर पडतं. तिनं लिहिलं, माय मदर कीप्स लव्ह क्वार्टर इंच. आभा मावशी कीप्स वन इंच, सो व्हेन आय ग्रो इट कॅन ओपन. बाईंनी खाली लाल शाईत हसरा चेहरा काढला होता. उपेंद्रनं तो निबंध सगळ्यांना वाचून दाखवला, गणपतीला जमलेल्या वीस माणसांत, आणि सगळे हसले. आभा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "अगं वेडे, ती माया वेगळी." मीही हसले. तो कागद माझ्या कपाटात आहे, पासपोर्टच्या पाकिटात. मी शब्दाचा अर्थ तिला नंतर नीट समजावून सांगितला होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बट व्हाय ओन्ली क्वार्टर?"

उपेंद्र आत झोपला होता. मी दिवा ओढून घेतला, शिवणकामाच्या डब्यातली टाके उसवायची छोटी आकडी काढली आणि आभाचा एक चौकोन समोर घेतला. कडेचा, सहज हाताशी येणारा. का, हे तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं की शेवटची रांग जोडायच्या आधी एकदा तपासणी व्हायला हवी. खरं म्हणजे मला चूक हवी होती. अंदाजे शिवणाऱ्या बाईच्या कामात ती असणारच, फक्त दर्शनी बाजूनं दिसत नव्हती. आतल्या बाजूला वेडीवाकडी माया असेल, कुठे तीन सूत, कुठे एक, आणि ती मी बघितली की मला बरं वाटेल. कुणाला दाखवणार नव्हते. अशी चूक नुसती आपल्याला माहीत असली तरी पुरते. मी दर तिसरा टाका तोडला, दोरा ओढला, शिवण न दुखता उघडली.

आत भोकांच्या दोन रांगा होत्या.

एक रांग, मी आत्ता उसवलेल्या टाक्यांची. दुसरी तिच्या बाहेरच्या अंगाला, कापडाच्या कडेकडे, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरावर. घट्ट विणीच्या सुती कापडात सुईची भोकं धुवेपर्यंत राहतात. म्हणजे ही शिवण आधी एकदा शिवली होती, उसवली होती, आणि पुन्हा किंचित आत घेऊन शिवली होती. जुनी रांग मायेच्या आत दडून गेली होती. मला वाटलं, एखादी चुकली असेल. मी दुसरी शिवण उघडली. दोन रांगा. तिसरी उघडली. मग दुसरा चौकोन घेतला. सगळीकडे तेच अंतर होतं. अंदाजे शिवणाऱ्या बाईनं दर वेळी एकच दोरा आत घेतला होता. चुका अशा नसतात. चुका विखुरतात. एका बाजूला, एकसारख्या सरकलेल्या रेघेमागे कारण असतं, हे मी हाताखालच्या लोकांना अठ्ठावीस वर्षं शिकवत आले आहे.

मी उठले, पर्समधून वर्नियर आणि पोलादी पट्टी काढली आणि माझा एक सुटा चौकोन मोजला, शेवटच्या रांगेसाठी ठेवलेला. नऊ तुकडे जोडून तो साडेनऊ इंच भरायला हवा होता. दीड मिलिमीटर कमी होता. दुसराही तेवढाच कमी. खुर्चीत बसल्यावर मला कळलं की मी माया मोजली होती, कटाई मोजली होती, सुईची जागा मोजली होती आणि तयार झालेला चौकोन एकदाही मोजला नव्हता. शिवण इस्त्रीनं वळवली की घडीच्या जाडीत थोडं कापड जातं. दर घडीत एखाद्या दोऱ्याएवढं. 'एक दोरा कमी' त्याच्यासाठी असतो. रबराच्या बाबतीत ही जाडी मी कधी विसरले नसते. आभानं तिचे दहा चौकोन बरोबर शिवले होते. मग माझे हातात घेतले असतील, नखानं ताडून पाहिले असतील, आणि घरी नेऊन आपले दहाच्या दहा उसवून माझ्या चुकीच्या मापाला आणले असतील. एका चौकोनात आठ शिवणी. गेल्या महिन्यात तिनं चौकोन द्यायला दोन आठवडे उशीर केला होता. मशीन बिघडलंय म्हणाली होती. मी मनात म्हटलं होतं, हिचं हे असंच. आणि जेव्हा पहिला जोड जमला, चारी कोपरे एका बिंदूत आले, तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली होती, "बघ, तुझं माप म्हणजे माप. तुझ्यामुळे माझंही सरळ आलं."

ती चव पुन्हा आली, या वेळी इतकी की मी पाणी प्यायले. माझ्यापाशी एकच गोष्ट होती. माझा स्वयंपाक बेताचा, बोलणं बेताचं, मला मुलांना झोपवता येत नाही, माझ्याकडे आल्यावर लोक सोफ्याच्या कडेवर बसतात. पण मी अचूक होते. तेही तिनं मला दिलेलं निघालं.

आणि मग, मला न विचारता, एक संध्याकाळ वर आली. काव्या अकरा महिन्यांची. तेव्हा आमची लॅब अल कूजला होती, घरी यायला सात वाजायचे. मी आभाच्या दारात चपला काढत होते. काव्या सोफ्याला धरून उभी होती. आभानं हळूच तिचा हात सोडवला आणि काव्या माझ्या दिशेनं दोन पावलं चालली, तिसऱ्याला माझ्या पोटरीवर आपटली. "बघ," आभा म्हणाली होती, "पहिलं पाऊल. तुझ्यासाठी थांबली होती पोर." ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. ज्या ज्या वेळी कुणी म्हणालं की नोकरी करणाऱ्या आईचं काही निसटतं, त्या त्या वेळी मी ती आठवली, खिशातली किल्ली चाचपावी तशी. आता दिव्याखाली उघड्या पडलेल्या कापडाकडे बघताना मला आठवलं की काव्या त्या संध्याकाळी डगमगली नव्हती. पहिलं पाऊल टाकणारं मूल आधी थबकतं, आपल्याच पायांकडे बघतं. ती सरळ माझ्याकडे बघत आली होती. सराव झालेल्या मुलासारखी.

बेल वाजली. उपेंद्र उठून दाराशी गेल्याचा आवाज आला. "या आभा वहिनी. तुमच्या मैत्रिणीनं टेबलावर ऑपरेशन मांडलंय. पेशंट वाचेल असं वाटत नाही."

"तिच्या हातून वाचतो हो," आभाचा आवाज. "किती उकडतंय कॉरिडॉरमध्ये. वॉचमन म्हणतो इन्शाल्ला संध्याकाळपर्यंत एसी येईल. म्हणजे आज तरी खलास." ती आत आली. शेवटच्या रांगेतले तिचे दोन चौकोन इस्त्री करून टॉवेलवर ठेवलेले, पूजेचं ताट आणावं तसे दोन्ही हातांवर. उघडी शिवण, आकडी, वर्नियर, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. टॉवेल खाली ठेवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"उसवलास?"

"बघत होते."

"काय?"

"भोकं."

आभा हसली. "देवा. या बाईला भोकंसुद्धा दिसतात."

"ऐंशी शिवणी, आभा."

"मी नाही मोजल्या."

"मी मोजल्या."

"तू मोजणारच." तिनं तिरकी खुर्ची सरळ केली आणि बसली. उपेंद्र चहा टाकतो म्हणत स्वयंपाकघरात गेला. बाकी काही त्याला जमत नसलं तरी कुठून निघून जायचं ते त्याला कळतं.

"माझे चौकोन लहान झालेत, एवढं म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

"अगं, तू इतकं मापून शिवले होतेस. खुणा काय, ते यंत्र काय. माझं काय, एक दोरा इकडे, एक दोरा तिकडे. माझं हलवणं सोपं होतं." तिनं उघड्या शिवणीवरून नख फिरवलं, जुन्या रांगेवरून, मग नव्या. मग नखाकडेच बघत म्हणाली, "बरं, काव्याला मी नाही म्हणून कळवलंय. आत्ताच मेसेज केला. गुडघे दुखतात माझे, तान्हं मूल उचलणं नाही व्हायचं. म्हटलं, आईला विचार."

लिफ्ट गुरुवारी बंद होती. त्या दिवशी ही बाई पाच लिटरचा तेलाचा डबा घेऊन चार मजले चढून आली होती आणि वर येऊन माझ्याशी दारात उभ्या उभ्या अर्धा तास बोलली होती. मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला, जणू मला तिथेही काही दिसेल.

"किती दुखतात?"

"दोन सूत," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं. मी हसले नाही म्हणून ते अर्ध्यावर थांबलं. "अगं, मीना बाजारात तू पाळण्याच्या दोरीला हात लावून बघत होतीस. मला काय दिसत नाही का?"

इथे मी गप्प राहिले असते तर सगळं जमलं असतं. काव्या संध्याकाळी फोन करून म्हणाली असती, आई, मावशी कान्ट, विल यू? मी म्हणाले असते, मी नोकरी सोडतेय. तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते उमटलं असतं. चारी कोपरे एका बिंदूत आले असते. आणि मला आयुष्यभर माहीत राहिलं असतं की आतल्या बाजूला रांगा दोन आहेत.

"आभा, काव्यानं पहिलं पाऊल कधी टाकलं?"

स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला. एरवी आभाला 'कधी' विचारलं तर ती 'मागे केव्हातरी' म्हणते, 'दिवाळीच्या सुमाराला' म्हणते. वेदांगच्या विमानाची वेळसुद्धा तिला नवऱ्याला, हेमचंद्र भावोजींना, विचारावी लागते. ती टॉवेलची कड सरळ करत राहिली.

"दुपारी," ती म्हणाली. "सव्वातीनला. मंगळवार होता. खिडकीपासून फ्रीजपर्यंत, चार पावलं. मग बसली आणि टाळ्या वाजवल्या." थोडं थांबून म्हणाली, "तू गुरुवारी पाहिलंस."

सव्वातीनला आम्ही दुपारच्या पाळीचे नमुने घ्यायचो. एक एक नमुना, तीन तीन वाचनं, वेळेसकट वहीत. त्या मंगळवारचं सव्वातीन वाजताचं वाचन कुठल्यातरी वहीत माझ्या अक्षरात असेल. आणि ज्या बाईला मी अंदाजे म्हणत आले, तिनं तोच क्षण जपून ठेवला होता, मिनिटाच्या मापात, सत्तावीस वर्षं, कुणालाही न दाखवता. रागावावं तर कशावर, ते कळेना. दोन दिवस तिनं तो आनंद एकटीनं गिळला होता. मला वाटलं, मला तेही जमलं नसतं. मी सांगून टाकलं असतं, वेळेसकट. चव गेली नाही, पण आता ती कशाची आहे हे तरी मला ठाऊक होतं.

"काव्याला फोन कर," मी म्हटलं. "सांग, गुडघे ठीक आहेत. बाळ दिवसा तुझ्याकडे राहील. तिनं तुला विचारलंय."

"आणि तू?"

"मी पाचला येईन. तेवढं मी मागून घेईन लॅबमध्ये. पण एक. बाळ जे काही करेल ते मला त्याच वेळी कळवायचं. खरी वेळ सांगायची. माझ्यासाठी पुन्हा करून दाखवायचं नाही."

"आणि तुला लागलं तर? तू तिथे त्या रबरापाशी, आणि मी इथून सांगतेय, वीणा, पोर चाललं?"

"लागू दे."

आभानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, शिवण जुळली का बघते तसं, डोळे बारीक करून. मग फोन शोधायला कमरेशी हात नेला. राजीनाम्याचा मसुदा अजून मसुद्यांत आहे. मी तो पुसलेला नाही.

"आणि तुझे चौकोन परत जुन्या रांगेवर ने," मी म्हटलं. "तेच बरोबर होते."

"परत ऐंशी?"

"एकशेसाठ. माझेही आहेत."

"बाळ शाळेत जाईल तोवर," ती म्हणाली आणि फोन कानाला लावला. पलीकडे रिंग जात होती. मी माझा पहिला चौकोन दिव्याखाली घेतला. तिला आत घ्यायचं होतं, म्हणून तिची जुनी भोकं मायेत लपली. मला टीप बाहेर न्यायची होती, एक दोरा कडेकडे. म्हणजे माझी जुनी रांग दर्शनी बाजूला राहणार होती, निळ्या कापडावर, पहिल्या धुण्यापर्यंत काव्याच्या अंगठ्याला लागेल अशी. मी तिसरा टाका तोडला आणि दोरा ओढला.